ट्रॉलीखालचे चौधरी सर

चौधरी सर कुणाच्याही घरी गेले की आधी फाटक हलवून बघत, मग घंटी वाजवत. बिजागरीपाशी वाकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचा, अंगठ्याच्या नखाने वेल्डिंगच्या कडेवरून एक रेघ ओढायची आणि मग आत यायचं. चहाचा कप हातात आला की यजमानाला सांगायचं, "फाटक दोन पावसाळे काढेल. पुढचं मी बोलत नाही." माझ्या घराचं फाटक नवीन होतं तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या पावसाळ्यात फाटक बिजागरीतून सुटलं तेव्हा ते मुद्दाम घरावरून गेले आणि काही बोलले नाहीत. तो त्यांचा मोठेपणा नव्हता. समोरचा माणूस न बोलण्याने जास्त चिडतो, हे त्यांना ठाऊक होतं.

बुऱ्हाणपूरच्या ज्या प्रशिक्षण संस्थेत मी नोकरी केली तिथे ते वेल्डिंग शिकवत आणि मी त्याच मुलांना कामापुरतं गणित शिकवत असे. मला ते 'गणितवाले' म्हणत. स्वतःविषयी त्यांचं मत चांगलं होतं. "या जिल्ह्यात वेल्डर दोन," ते म्हणायचे. "एक मी. दुसरा अजून तयार होऊन राहिलाय." बुटके, मानेने जाड, मे महिन्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्या बटणाखाली मानेवर आणि छातीवर बारीक भाजल्याच्या खुणा होत्या. डोक्यावरच्या लोखंडाला खालून वेल्डिंग करताना वितळलेले थेंब कॉलरमधून आत जातात, त्यांच्या त्या खुणा. त्या ते कुणाला दाखवत नसत, पण त्या आहेत हे प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत.

मुलांचे जोडलेले तुकडे ते शिकंज्यात धरायचे आणि हातोड्याने वाकवायचे. चांगला जोड लोखंडाबरोबर वाकतो, वाईट जोड मोडतो. मोडला की तुकडा सगळ्या वर्गातून फिरायचा.

"काय रे हे?"

"वेल्डिंग, सर."

"ही मावा जिलेबी आहे. चौकात कढई लाव, गिऱ्हाईक मिळेल. लोखंडावर कशाला घालून राहिला?"

वर्ग हसायचा. ज्याचा तुकडा असे तो त्या दिवशी डबा खात नसे. मी एकदा म्हटलं, "सर, पोरांना जरा जास्तच लागतं हो तुमचं." ते म्हणाले, "तुमचं गणित चुकलं तर कागद फाटतो. यांचं चुकलं तर कुणाचा पाय जातो. मी तेवढंच लागू देतो."

मुलीसाठी सुरतेला स्थळ बघायला गेले तेव्हाची गोष्ट सिंधूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, फार रंगवून सांगत. तिकडच्या लोकांनी पाहुण्यांना मानाने झोपाळ्यावर बसवलं. सर बसले नाहीत. छताकडे बघत उभेच राहिले. मुलाच्या वडलांना वाटलं, स्थळ पसंत नाही. शेवटी सर म्हणाले, "मुलगा चांगला आहे. हुक वाईट आहे." आणि स्टूल मागवलं. वहिनी सांगत, "मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. पण ते व्याही काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, जो बाप मुलगी घरात यायच्या आधी झोपाळा तपासतो, त्याची मुलगी आम्हाला पाहिजेच." लग्न झालं. हुक सरांनी पुढच्या खेपेला स्वतः बदलला.

वहिनी सरांच्या अगदी उलट. त्यांना सगळं चालायचं. फाटकं, पोरं, पाहुणे, शिळी भाकरी. माहेर फोपनारचं. सरांच्या वर्गातलं जे पोर दूर खेड्यातून यायचं, त्याचा डबा दुपारी त्यांच्या घरी असायचा. अशा पोरांतला एक युवराज महाजन. वडील नव्हते, आई पुढे लवकर गेली. तो वहिनींना आईच म्हणत असे. आता तो चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस आहे. इच्छापूर रोडवर त्याचा केळी वाहायच्या ट्रॉल्या बनवण्याचा मोठा कारखाना आहे. कामाला वाघ, बोलायला गोड. फक्त एक खोड त्याला शिकत असल्यापासून होती. उभ्याने किंवा बसून कितीही काम सांगा, करेल. लोखंडाखाली उताणं झोपून काम करायचं म्हटलं की त्याला काहीतरी दुसरं काम निघायचं.

सर निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांत वहिनींचा मणका गेला. अर्धा तास बसलं की कळ यायची, मग आडवं व्हावं लागे. डॉक्टर झाले, पट्टे झाले, तेलं झाली. वहिनींची तक्रार नव्हती, पण एक इच्छा होती आणि ती त्या अधूनमधून बोलून दाखवत. त्यांना तापी समुद्राला मिळते ते ठिकाण बघायचं होतं.

"लहानपणापासून हिच्यात दिवे सोडले," त्या म्हणत. "राजघाटावर उभी राहते, दिवा वळणापर्यंत दिसतो आणि मग नाही दिसत. पुढे काय होतं ते बघायचंय."

"सुरतेला लेक आहे. रेल्वेत आडवं पडून जाता येईल," मी म्हणालो.

"रेल्वेतून नदी दिसते कुठे, भाऊजी? पूल आला की खडखड होते आणि संपली. मला तिच्या बाजूबाजूने जायचंय. वाटेल तिथे थांबायचंय."

हे बोलणं युवराजच्या कानावर गेलं. त्याने सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गोळा केलं आणि गुरुपौर्णिमेला सरांच्या दारात एक चाकांवरची खोली आणून उभी केली. जीपच्या मागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर पत्र्याचं घर. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. पलंगाला लागून रुंद खिडकी, आडवं पडल्या पडल्या बाहेर बघता यावं अशी. फिकट हिरवा रंग. दारावर पितळेची पट्टी : 'आमच्या सरांना आणि आईंना.' युवराजने चावी वहिनींच्या हातात दिली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकाही डोळे पुसत होत्या.

सरांनी फाटकं तपासायची आपली सवय त्या दिवशी मोडली. ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, रंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान." मी त्यांच्या तोंडून हा शब्द त्याआधी ऐकला नव्हता.

वहिनी तिला 'आमची खोली' म्हणू लागल्या.

पाऊस उघडल्यावर एका रविवारी आम्ही असीरगढपर्यंत चाचणी घ्यायचं ठरवलं. सर जीप चालवत होते, मी शेजारी, वहिनी मागे खोलीत पलंगावर. चालत्या ट्रॉलीत माणूस असावा की नाही, हा प्रश्न मी निघण्याआधी विचारला होता. "आपल्याकडे अख्खी वरात ट्रॉलीत जाते, गणितवाले," सर म्हणाले, "आणि मी सायकलच्या वेगाने चालवणार आहे." खरोखर तसंच चालवलं. पण परत आल्यावर वहिनी उतरल्या त्या भिंतीला धरून. म्हणाल्या, "खोली छान आहे हो. पण तव्यावरच्या पापडासारखी उडत होते मी."

सर ट्रॉलीखाली गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मीही वाकलो.

चाकाचा आस ज्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसतो, ते पाटे दोन्ही टोकांना लोखंडी कानांत अडकवलेले असतात आणि हे कान ट्रॉलीच्या सांगाड्याला जोडलेले असतात. एका कानापाशी हिरव्या रंगात केसासारखी भेग होती. सरांनी पेचकसाचं टोक तिच्यात घातलं. रंग निघाला, रंगाखालची लांबी निघाली. पत्र्याचे खड्डे बुजवायला जी भरतात, तीच लांबी. आणि लांबीमागून सळईचा एक बोटभर तुकडा निघून त्यांच्या तळहातावर पडला.

मला उलगडा झाला नाही. सरांनी सांगितलं. कान आणि सांगाडा यांच्यात फट राहिली होती. ती नीट जुळवण्याऐवजी फटीत सळई भरली, तिच्यावरून वेल्डिंगचा एक थर ओढला, ग्राइंडरने गुळगुळीत केला, वर लांबी, वर रंग. आणि तेही फक्त वरच्या बाजूने. जिथे खाली झोपून करावं लागतं, तिथे कुठेच केलेलं नव्हतं. त्यातून पाटे केळीच्या ट्रॉलीचे. केळीचं ओझं पेलणारे ते कडक पाटे या हलक्या खोलीखाली दबतच नव्हते, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ त्या सांध्यांवर आदळत होता.

मी वाट बघत होतो की आता ते ओरडतील. ते उताणे पडून राहिले. मग म्हणाले, "हा युवराजचा हात आहे. शेवटी वेल्डिंगचा रॉड उचलताना डावीकडे झटका देतो. तेव्हाही द्यायचा."

"बोलवा त्याला."

"पोरगा रडला होता चावी देताना," ते म्हणाले. "हे कुणाला सांगायचं नाही, गणितवाले. सिंधूलाही."

वहिनींना अर्थात त्याच दिवशी कळलं. ज्या घरात नवरा बत्तीस वर्षं लोखंडाविषयीच बोलत आला, तिथे बाईला ट्रॉलीखालची शांतता समजतेच.

मग आमच्या गल्लीत एक चमत्कार घडला. ज्या माणसाने वाईट वेल्डिंग बघून कधी तोंड मिटलं नव्हतं, तो ताडपत्री बांधून, शेजाऱ्यांना चुकवून, आपल्याच विद्यार्थ्याचं काम गुपचूप उखडत होता. विचारायला कुणी आलं की वहिनी सांगायच्या, सर कपाट करताहेत. कपाटाला एवढा वेळ? "तीन दारांचं आहे," वहिनी म्हणत.

ट्रॉली लाकडी ठोकळ्यांवर उचलली. आस खाली काढला. एकेक सांधा ग्राइंडरने उघडं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला. कडा तिरप्या केल्या, म्हणजे वितळलेलं लोखंड तळापर्यंत उतरेल. जिथे फट होती तिथे मापाची पट्टी कापून बसवली. रॉड उन्हात वाळवून घेतले. एक बोटभर या कोपऱ्यात, मग एक बोटभर समोरच्या कोपऱ्यात, असं थोडं थोडं जोडत गेले, कारण एकाच ठिकाणी उष्णता दिली की सांगाडा पीळ खातो. माझं काम मापाचं. प्रत्येक फेरीनंतर मी दोन्ही कर्ण मोजायचो. दोन्ही सारखे आले की सांगाडा सरळ. एकदा नखाएवढा फरक आला. मी म्हटलं, चालेल. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि तो कोपरा पुन्हा कापला.

पाटे किती काढायचे हे त्यांनी मला विचारलं. मी खोलीचं वजन, पलंग, पाणी आणि वहिनी असा हिशेब करून तीन सांगितले. त्यांनी दोन काढले, वहिनींना आत झोपवून गल्लीत एक चक्कर मारली, आणि मग तिसरा काढला. "बघा, आलं ना गणित बरोबर," मी म्हणालो. "गणिताचं काही नाही," ते म्हणाले. "तिची कंबर काय म्हणाली, ते महत्त्वाचं."

युवराज मधूनच टपकायचा. एकदा सर खाली पडून काम करत असताना तो फाटकात आला. वहिनींनी ओट्यावरून असा गळा काढला, "युवराज आला का रे बाबा! किती दिवसांनी!" की दोन घरं पलीकडे ऐकू गेलं. तो परवाच येऊन गेला होता. सर ग्रीसचा डबा घेऊन ताडपत्रीबाहेर आले.

"काय सर, काय चाललंय?"

"ग्रीस."

"आणि शर्टाला भोकं?"

"उंदीर झालेत," सर म्हणाले. युवराज ताडपत्रीकडे क्षणभर बघत राहिला, मग चहा प्यायला आणि गेला.

दिवाळीनंतर काम संपलं. पुन्हा हिरवा रंग दिला, तोच, तेवढाच फिकट. थंडी पडली होती, रस्ते कोरडे होते. निघायचा दिवस ठरला. अर्धी गल्ली जमली. वहिनी आत पलंगावर जाऊन पडल्या, खिडकी उघडली, उशाशी डबा, पाण्याची बाटली, एक स्वेटर. कुणी दही आणलं, कुणी नारळ. युवराज पांढरे शुभ्र कपडे घालून आला, हातात पेढे.

"सर, पेढे डबल आहेत. एक तुमच्या जाण्याचे, एक माझे. ऑर्डर आली. दोन ट्रॉल्या, अशाच. नर्मदा परिक्रमेला म्हाताऱ्या माणसांना नेणारी पार्टी आहे. मी स्टेटसला फोटो टाकला होता ना, आपल्या ट्रॉलीचा. म्हटलं, आमच्या सरांनी पास केलेली डिझाइन आहे, आंख बंद करके घ्या."

सरांच्या हातात पेढा होता. त्यांनी तो परत बॉक्समध्ये ठेवला.

"खाली ये," ते म्हणाले.

"काय?"

"ट्रॉलीखाली ये."

"सर, कपडे..."

"युवराज्या, खाली ये."

मी चाकापाशी उकिडवा बसून हवा तपासत होतो, म्हणून मला पुढचं सगळं ऐकू आलं. दोघं शेजारी शेजारी उताणे पडले. सरांनी बॅटरी मारली.

"हे सांधे कुणाचे?"

युवराजने मान दुसरीकडे वळवली.

"बोल."

"तुमचे आहेत, सर. मला माहीत आहे."

सरांनी बॅटरी त्याच्या तोंडावर वळवली.

"त्या ग्रीसच्या दिवशीच कळलं," युवराज म्हणाला. "उंदीर गोल भोकं पाडत नाही, सर. कडा जळलेल्या होत्या."

"कळलं, तरी ऑर्डर घेतलीस?"

"तुम्ही काही बोलला नाहीत." त्याचा आवाज चढला. "तुम्ही! बाप मेलेल्या पोराचा तुकडा अख्ख्या वर्गात फिरवणारे तुम्ही, काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुमच्या घरच्यासाठी तुम्ही थोडं जास्त पक्कं करून घेतलं. बाकी चालण्यासारखं असेल. नसतं तर तुम्ही सोडलं असतं का मला?"

बाहेर कुणीतरी विचारत होतं, काय झालं, पंक्चर आहे का.

"इथून सळई निघाली," सर शेवटी म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "या कानातून. वर सिंधू झोपली होती."

"सर..."

"त्या पार्टीच्या ट्रॉलीत कुणाची तरी सिंधू असेल."

"मग तेव्हाच थोबाडीत मारायची होती ना मला!" युवराज म्हणाला. "हसून हसून चहा कशाला पाजला? माझ्या पाठीमागे माझं काम उखडलं तुम्ही. मी काय परका होतो?"

तेव्हा त्यांच्या डोक्यावरून, लाकडी तळातून, वहिनींचा आवाज आला. त्या पलंगावर होत्या, आणि पलंग बरोबर त्या दोघांच्या वर होता.

"आजचं जाणं राहू द्या," त्या म्हणाल्या. "आधी त्याला शिकवा."

"सिंधू, थंडीचे दिवस आहेत, आत्ता नाही गेलो तर..."

"समुद्र आहे तिथेच आहे हो. त्याच्या ऑर्डरला तारीख आहे."

सर बाहेर आले. पाठीला माती, केसांत माती. जमलेल्या लोकांना म्हणाले, "आज निघत नाही. माझं काम शिल्लक आहे." मग वहिनींना दोन्ही हातांनी धरून खाली उतरवलं. युवराज कुणाकडे न बघता गाडीत बसून निघून गेला. पेढ्यांचा बॉक्स चाकापाशी तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सर, न बोलावता, त्याच्या कारखान्यात गेले. एक सांगाडा तयार होत होता. ते त्याच्याखाली चटई टाकून पडले आणि पडून राहिले. कामगार बिचकले. युवराज ऑफिसच्या काचेतून बघत होता, आला नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आला आणि शेजारी पडला. सरांनी त्याला रॉड दिलाच नाही. म्हणाले, आधी नुसतं पडायला शिक. हात डोक्यावर धर. खांदा भरून येईल, येऊ दे. जो माणूस खाली पडायला कंटाळतो, तो खालचा सांधा सोडूनच देतो. विशीतल्या पोरांना जे शिकवत, तेच ते आता एका पोट सुटलेल्या कारखानदाराला शिकवत होते, त्याच्याच कामगारांसमोर. त्या दिवसांत मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा मला सांगाड्याखालून बाहेर आलेले चार पाय दिसले आणि भांडण ऐकू आलं.

"हात कापून राहिलाय तुझा."

"तुमचा पण कापतोय, सर."

"माझा म्हातारा आहे. तुझा आळशी आहे."

इकडे खोली दारात उभी होती. वहिनी दुपारी जाऊन तिच्या पलंगावर पडत, खिडकी उघडी ठेवत आणि गल्ली बघत. गल्लीत बघण्यासारखं काही नव्हतं. भाजीची गाडी, शाळेतून येणारी पोरं, कुणाची तरी वाळत घातलेली चादर. मकरसंक्रांत गेली. त्यांच्या कंबरेचं दुखणं वाढत चाललं होतं. आता जिन्याच्या दोन पायऱ्या चढायलाही कुणीतरी लागायचं. होळीच्या सुमारास मला राहवलं नाही. मी सरांना म्हणालो, "वहिनी थांबल्या आहेत, सर."

ते शर्टाचं वरचं बटण लावत होते. बटण हातातून दोनदा निसटलं.

"मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला?" ते म्हणाले.

पहिली ट्रॉली द्यायच्या आधी त्यांनी युवराजचा तुकडा शिकंज्यात धरला. खाली झोपून जोडलेला. हातोडा मारला. लोखंड वाकलं, पूर्ण वाकलं, जोड हलला नाही. कामगार टाळ्या वाजवायला लागले. सरांनी तो वाकलेला तुकडा युवराजच्या हातात दिला. पास म्हणाले नाहीत, छानही म्हणाले नाहीत. म्हणाले, "जा, आईला दाखवून ये."

युवराज तसाच, हातमोजे न काढता, मोटरसायकलवर आमच्या गल्लीत आला. वहिनी खोलीत पडल्या होत्या. त्याने खिडकीतून तुकडा आत दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "गरम आहे का रे अजून?" आणि पदराने पुसून उशाशी ठेवला.

मग ते दोघं निघाले. या वेळी कुणाला सांगितलं नाही. ऊन तापायला लागलं होतं, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, लेकीने फोनवर भांडण केलं होतं. तरी गेले. वाटेत थांबत, झाडाखाली दुपारी काढत. एके संध्याकाळी मला सुरतेहून फोन आला. "गणितवाले, पोचलो. सगळे सांधे जागेवर." मागे वारा इतका होता की पुढचं ऐकू येईना. मग वहिनींनी फोन घेतला. मी विचारलं, "दिसलं का, वहिनी?" त्या म्हणाल्या, "दिसलं. पण कुठे नदी संपली ते नाही हो कळलं. हे पण बघून राहिले अजून."

सर तिथून परत आले नाहीत. लेकीच्या घरी, दुपारी जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आजारी नव्हते. युवराज त्याच रात्रीच्या गाडीने गेला. वहिनी आता लेकीकडेच असतात. खोली तिच्या अंगणात उभी आहे, आणि वहिनी दुपारी अजून तिथेच जाऊन पडतात, असं लेक सांगते.

मला सर आठवतात ते सुरतेला जाण्याच्या सकाळचे. ते निघाले आहेत हे मला माहीत नव्हतं. मी स्कूटरवर शहापूरला एका नातलगाकडे चाललो होतो. ऊन नुकतं वर आलं होतं. तापीच्या पुलावर वाहतूक तुंबली होती. केळीचे ट्रक, बस, ट्रॅक्टर, सगळे एकामागे एक, मुंगीच्या गतीने. मागचे हॉर्न दाबत होते. एका ट्रकचा क्लीनर दारात लोंबकळून ओरडत होता, "ओ काका, सो गए क्या! आगे बढ़ाओ!" मीही वैतागलो होतो. कडेकडेने स्कूटर पुढे घेतली, बघू तरी कोण आहे म्हणून.

पुढे जीप होती आणि तिच्या मागे फिकट हिरवी खोली. जीप बिघडलेली नव्हती. चालत होती, पण माणूस नदीकाठाने पायी चालेल त्या गतीने. खोलीची खिडकी उघडी होती. पलंगावर वहिनी कुशीवर वळून पाण्याकडे बघत होत्या. खाली ऊन पाण्यावर पडलं होतं आणि त्यांच्या तोंडावर त्याचा उजेड हलत होता.

सरांना आरशात मी दिसलो नसेन. त्यांचं लक्ष आरशात होतं खरं, पण ते त्या खिडकीकडे होतं. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला तेव्हा त्यांनी जीपमधून हात बाहेर काढला. वरचं बटण लावलेली कॉलर, बाहीचं बटणही लावलेलं. त्यांनी पंजा सपाट धरला, गडबड करणाऱ्या वर्गापुढे धरायचे तसा, आणि तो तसाच धरून ठेवला.

हाक मारावी असं वाटलं. मारली असती तर ते थांबले असते, खाली उतरले असते, काहीतरी टोचून बोलले असते. मी स्कूटर बंद केली आणि ती हाताने ढकलत त्यांच्या मागून चालू लागलो.